अजिंठ्याची पहिली कॉपी काढायला मेजर गिलने 19 वर्षं घालवली, लंडनमध्ये ती एका दिवसात जळाली

तुमच्या ओळखीत एखादा तरी ॲनिमेवेडा असेलच. त्याला फक्त 'ड्रॅगन बॉल झी'च्या रीमास्टर केलेल्या डीव्हीडीबद्दल विचारा आणि मग निवांत बसा. 2007 मध्ये अमेरिकेत या मालिकेचे नवे संच आले. मूळ चित्र जवळपास चौकोनी होतं. रुंद टीव्हीवर मावावं म्हणून ते वरून-खालून कापलं. फिल्मचे बारीक दाणे कॉम्प्युटरने घासून काढले, आणि त्या घासण्यात चित्रकारांनी ओढलेल्या रेषाही पुसट झाल्या. कंपनी म्हणाली चित्र स्वच्छ झालं, चाहते म्हणाले चित्राचं वाटोळं झालं. कोणत्या रिळावरून काढलं, रंग कुणी ठरवले, जपानमधला जुना संच जास्त खरा की हा नवा, यावर आजही भांडणं होतात.

आता म्हणाल, याचा छत्रपती संभाजीनगरशी काय संबंध?

तर संबंध असा की हेच भांडण आपल्या जिल्ह्यात पावणेदोनशे वर्षांपासून चालू आहे. फक्त तिथे फिल्मच्या जागी लेण्यांच्या भिंती आहेत. फेसबुकवर आणि इन्स्टावर अजिंठ्याच्या पद्मपाणीचे फोटो फिरतात. एका बाजूला भेगाळलेलं, पिवळट चित्र, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत आणि झळझळीत. खाली लिहिलेलं असतं की मूळ चित्र असं होतं. मग कमेंटमध्ये जुंपते. हे मूळ कशावरून? हा निळा कुठून आला? एवढं गोरं नाक कुणी दिलं?

या भांडणाचा पहिला माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल.

आपल्याकडे गिल म्हटलं की लगेच पारो आठवते. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि त्यावर नितीन देसाईंनी 2012 मध्ये काढलेला सिनेमा, यांमुळे गिल घराघरात पोचला तो प्रियकर म्हणून. पण हा माणूस तिथे आला होता तो नोकरीवर, आणि त्याची नोकरी होती कॉपी काढण्याची.

गिलचा जन्म 1804 चा, इंग्लंडमधला. पोरसवदा वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला. हात चित्रकाराचा आणि नेम शिकाऱ्याचा. पुढे वाघ मारणारा साहेब म्हणून त्याचं नाव झालं ते अजिंठ्याच्याच रानात. आज त्या शिकारीचं कौतुक वाटणार नाही, पण त्या काळात लेण्यांकडे जायचं म्हणजे वाघाच्याच वाटेने जायचं होतं.

लेणी बाहेरच्या जगाला कळून तेव्हा फार काळ झाला नव्हता. 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे आला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून गेला. प्रेमात पडलेल्यांनी किल्ल्यांवर नावं कोरायची परंपरा किती जुनी आहे बघा. 1839 मध्ये जेम्स फर्ग्युसन हा वास्तूंचा अभ्यासक येऊन गेला. वटवाघळं, ओल, धूर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची खरवड हे सगळं पाहून त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे विषय मांडला. चित्रं नष्ट व्हायच्या आत त्यांच्या प्रती तरी काढून ठेवा, असं सोसायटीने कंपनीला सांगितलं. कंपनीने हो म्हटलं, आणि 1844 मध्ये हे काम कॅप्टन गिलच्या गळ्यात पडलं.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. गिलने अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम ठोकला. लेणी गावापासून घाट उतरून खाली, वाघूर नदीच्या वळणावर. रोज घोड्यावरून जायचं, लेण्यात बसायचं, रंगवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण लेण्यात बसून चित्राची कॉपी काढणं म्हणजे काय, ते जरा बघू.

पहिली अडचण उजेडाची. चित्रं सगळ्यात जास्त आहेत ती 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांत. मोठं दालन, भोवती खांब आणि उजेड यायला पुढचे दरवाजे-खिडक्या तेवढ्या. दिवसातल्या ठराविक वेळीच ऊन आत शिरतं, आणि तेही सगळ्या भिंतींना मिळत नाही. आज आपण सरळ मोबाईलचा टॉर्च काढतो आणि पहारेकऱ्याच्या शिव्या खातो. गिलकडे तेवढंही नव्हतं.

दुसरी अडचण रंगांची. अजिंठ्याची भिंत म्हणजे दगडावर माती, भुसा, गवत यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या थरावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती, आणि फक्त निळा तेवढा लांबून, अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. हे रंग चमकत नाहीत, भिंतीत मुरल्यासारखे दिसतात. गिल मात्र काम करत होता कॅनव्हासवर तैलरंगांनी. तैलरंगाला चकाकी असते, खोली असते, सावली गडद येते. म्हणजे त्याने कितीही प्रामाणिकपणे काढलं तरी माध्यम बदललं की चित्र थोडं बदलणारच. फिल्मवरचं चित्र टेपवर उतरवताना जे होतं, तेच.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड. भिंतीवर जिथे पोपडा पडलाय तिथे काय काढायचं? अर्धा चेहरा गेलाय, तर उरलेला अर्धा मनाने पूर्ण करायचा की भोक दाखवायचं? आजच्या रीमास्टरवाल्यांचं नेमकं इथेच घोडं अडतं. रिकाम्या जागा जोडल्या की चित्र देखणं होतं, पण ते तुमचं होतं, मूळ चित्रकाराचं राहत नाही.

गिल हे काम करत राहिला. आजारपणं आली, सामान वेळेवर येईना, वरिष्ठांना वाटे काम फार हळू चाललंय. त्याची बायको-मुलं इंग्लंडला परतली, तो इथेच राहिला. 1863 पर्यंत त्याने सुमारे 30 मोठी तैलचित्रं करून लंडनला रवाना केली.

पारो याच काळातली. तिच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं बरंच गावातल्या आठवणींतून आणि पुढे कवींच्या शब्दांतून आलेलं आहे. ती लेणापूरची होती, तिने त्याला रानातले रंग दाखवले, गावाने विरोध केला, वगैरे. पण एक गोष्ट मात्र दगडावरची आहे. अजिंठा गावात तिची कबर आहे, गिलने त्यावर तिचं नाव आणि 23 मे 1856 ही तिच्या मृत्यूची तारीख कोरून घेतली आहे. परक्या मुलखातल्या एका लष्करी साहेबाने नेटिव्ह बाईसाठी नावानिशी दगड उभा केला, एवढंच तिथे दिसतं. बाकीचं आपण भरलंय. प्रेमकथेलाही रीमास्टर करणारे असतात, आणि त्यात महानोरांसारखा कवी असेल तर तक्रार तरी कोण करणार!

पारो गेली त्याच वर्षाच्या सुमारास गिलने कॅमेरा हातात घेतला.

आता तुम्ही म्हणाल, मग रंगवायची कटकटच संपली की. काढायचे फोटो! पण नाही. तेव्हा काचेवर ओलं रसायन ओतून, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत होती. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात ते किती मिनिटं ओलं राहत असेल याचा विचार करा. त्यात ते रसायन फक्त निळा उजेड ओळखायचं. तांबडा आणि पिवळा त्याला जवळपास दिसायचाच नाही, फोटोत ते काळे यायचे. आणि अजिंठा म्हणजे तर गेरू आणि पिवळ्या मातीचंच राज्य! म्हणजे कॅमेऱ्याने भिंतीचा फोटो काढला तर सगळ्यात सुंदर भाग काळा धब्बा होऊन येणार. त्यामुळे गिलचे फोटो आहेत ते मुख्यतः लेण्यांच्या दर्शनी भागाचे, खांबांचे, शिल्पांचे आणि आसपासच्या इतर जुन्या वास्तूंचे. चित्रांसाठी त्याला ब्रशच लागत होता.

पण फोटोंमध्ये त्याने एक भन्नाट गोष्ट केली. त्याने जोडफोटो काढले. एकाच दृश्याचे किंचित वेगळ्या कोनातून दोन फोटो शेजारी-शेजारी लावायचे, दोन भिंगांच्या डब्यातून बघायचे, की दृश्य खोल, अगदी समोर असल्यासारखं दिसतं. आजचं थ्रीडीच म्हणा. तेव्हा इंग्लंडच्या घराघरांत, दिवाणखान्यात बसून अशी चित्रं बघायचं खूळ होतं. 1864 मध्ये गिलच्या अशा 100 जोडफोटोंचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यात लेणी होती, मंदिरं होती आणि शिकारीतली जनावरंही होती. त्याच वर्षी त्याच्या 74 फोटोंचं लेण्यांवरचं दुसरं पुस्तक आलं. दोन्हींसाठी मजकूर लिहिला फर्ग्युसनने. अजिंठा पहिल्यांदा लोकांच्या घरी पोचला तो असा. सिनेमाच्या भाषेत याला होम व्हिडिओ म्हणायला हरकत नाही.

आणि मोठा पडदा कुठला? तर क्रिस्टल पॅलेस. काच आणि लोखंडाचा हा अवाढव्य महाल 1851 च्या जागतिक प्रदर्शनासाठी हाइड पार्कात उभारला होता, नंतर तो लंडनच्या कडेला सिडनहॅमला हलवला. गिलची अजिंठ्याची चित्रं तिथे टांगली गेली. लोक यायचे, बघायचे. ज्यांनी भारत पाहिला नव्हता त्यांना पाचव्या शतकातले राजवाडे, हत्ती, नर्तकी, बोधिसत्त्व त्या कॅनव्हासवर दिसायचे.

30 डिसेंबर 1866. क्रिस्टल पॅलेसच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली.

गिलची तिथे असलेली सगळी चित्रं जळाली. जी चार-पाच तिथे टांगलेली नव्हती ती तेवढी वाचली, आणि ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. बाकीच्यांचं काय उरलं? 1856 मध्ये श्रीमती स्पिअर यांचं प्राचीन भारतावरचं एक इंग्रजी पुस्तक निघालं होतं, त्यात गिलच्या चित्रांवरून केलेली काही काळी-पांढरी रेखाचित्रं छापली होती. म्हणजे भिंतीवरून कॅनव्हास, कॅनव्हासवरून लाकडी ठसा, ठशावरून छपाई. टीव्हीवरून व्हीएचएसवर आणि त्या कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवलेल्या सिनेमासारखं. पण जे जळालं त्याच्याबद्दल बोलताना त्या पानांकडेही बघावं लागतं.

गिल तेव्हा साठी ओलांडलेला. बातमी त्याला अजिंठ्यातच कळली असणार, कारण तो दुसरीकडे गेलाच नव्हता. त्याने कॅमेरा सोडला नाही, इथेच राहिला. 1879 मध्ये भुसावळला त्याचा मृत्यू झाला आणि तिथल्याच इंग्रजांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पारो अजिंठ्यात आणि तो भुसावळला.

त्याच्या हयातीतच, 1872 मध्ये, कॉपीचं काम दुसऱ्यांदा सुरू झालं होतं. या वेळी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले भारतीय विद्यार्थी घेऊन लेण्यांत उतरले. 1885 पर्यंत सुमारे 300 चित्रं झाली, ती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियमला गेली. आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली. शंभराहून अधिक चित्रं गेली. सुदैवाने सगळी गेली नाहीत, आणि ग्रिफिथ्सने 1896-97 मध्ये दोन जाडजूड खंड छापले. आज आपण जुन्या अजिंठ्याचं म्हणून जे रंगीत चित्र बघतो, ते बऱ्याचदा याच खंडांतलं असतं.

पण ग्रिफिथ्सच्या मंडळींनी भिंतीवर एक उद्योग करून ठेवला. चित्र नीट दिसावं म्हणून त्यावर स्वस्तातलं वार्निश फासलं. वार्निश लावलं की रंग ओले झाल्यासारखे उठून दिसतात, हे कुठल्याही सुताराला माहीत आहे. काही वर्षांनी तेच वार्निश पिवळं पडतं, त्यावर धूळ बसते, थर आकसतो आणि खालचा रंग घेऊन सुटतो, हेही सुताराला माहीत आहे. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारने चेकोनी आणि ऑर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पोपडे भिंतीला पुन्हा चिकटवले, हे मोठं काम. त्यांच्यामुळे बरंच वाचलं. पण त्यांनीही वरून लाखेचा हात दिला, आणि लाखही काळाबरोबर पिवळीच पडली. तेव्हापासून पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ हे थर काळजीपूर्वक काढत आले आहेत.

म्हणजे आज तुम्ही पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहता, तेव्हा डोळ्यांना जो सोनेरी पिवळा उजाळा दिसतो, त्यातला किती पाचव्या शतकातल्या चित्रकाराचा आणि किती लाखेचा-वार्निशचा? सोशल मीडियावरच्या अर्ध्या भांडणाचं मूळ इथे आहे. पिवळट फोटोला मूळ म्हणणारा थोडा चुकतो, कारण तो पिवळेपणा नंतरचाही आहे. आणि कॉम्प्युटरवर पिवळा काढून, भेगा बुजवून, गाल गुळगुळीत करून त्याला मूळ म्हणणारा जास्त चुकतो, कारण त्याने जे भरलंय त्याला कुठलाच आधार नसू शकतो. हल्ली तर एआयला फोटो दिला की तो सहा सेकंदांत बोधिसत्त्वाला सिरियलमधल्या हिरोसारखा करून देतो. माझं मत विचाराल तर डिजिटल काम वाईट नाही, उलट भिंतीला हात न लावता करता येतं म्हणून चांगलंच आहे. फक्त कुठवर भिंत आहे आणि कुठून कल्पना सुरू होते, हे करणाऱ्याने सांगायला हवं.

गिलची वाचलेली चार-पाच चित्रं महत्त्वाची आहेत ती इथे. ती ग्रिफिथ्सच्या वार्निशच्या आधीची आहेत, इटालियन लाखेच्या आधीची आहेत आणि 1844 नंतर भिंतीवरून जे गळून पडलं ते पडायच्या आधीची आहेत. रंगांच्या बाबतीत ती पुरती भरवशाची नाहीत, कारण तैलरंगही जुने होताना काळवंडतात. पण आकृती कुठे होती, हात कसा वळला होता, मागे कोण उभं होतं, हे विचारायचं झालं तर त्यांना विचारावं लागतं. कॉपी म्हणून काढलेली वस्तू मूळ झिजत गेल्यावर स्वतःच पुरावा होऊन बसते.

या गोष्टीला एक जपानी शेपूटही आहे, ॲनिमेवाल्यांसाठी खास. 1917-18 मध्ये अराई काम्पो हा जपानी चित्रकार अजिंठ्यात राहून कॉपी करून गेला. त्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या, आणि 1923 च्या महाभूकंपात त्या नष्ट झाल्या. तिसरी आग! हाच काम्पो पुढे जपानमधल्या होर्युजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या कॉपीच्या कामावर होता. या चित्रांची तुलना नेहमी अजिंठ्याशी होते. ते काम चालू असतानाच, काम्पोच्या मृत्यूनंतर, जानेवारी 1949 मध्ये तिथे आग लागली आणि मूळ भित्तिचित्रंच होरपळली. कॉपी करणाऱ्यांच्या विजेच्या उबदार गादीमुळे ती लागली असा संशय होता. अजिंठ्याच्या कॉपी जळाल्या आणि भिंत राहिली, होर्युजीत उलटं झालं. मग जपान्यांनी 1935 मध्ये काचेवर काढून ठेवलेले फोटो आणि झालेल्या कॉपी समोर ठेवून ती चित्रं 1960 च्या दशकात पुन्हा रंगवली. ती नवी आहेत हे ते लपवत नाहीत. जळालेल्या भिंतीही त्यांनी फेकल्या नाहीत, वेगळ्या जपून ठेवल्या आहेत.

आपल्याकडे अजिंठ्याला आजही हजारो लोक येतात. शहरापासून लेणी साधारण 100 किलोमीटर, सिल्लोडवरून पुढे. फ्लॅश मारायला बंदी आहे, आत मंद दिवे आहेत, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. बहुतेक जण तेवढे थांबत नाहीत आणि बाहेर येऊन म्हणतात, काही दिसलंच नाही, फोटोत बरं दिसतं.

परतताना घाट चढून अजिंठा गावात गाडी थांबवता येते. पारोची कबर तिथे आहे. गिलचे जोडफोटो ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहेत. त्यातला एखादा मोबाईलवर आडवा धरून नजर पडद्याच्या पलीकडे, लांबवर बघितल्यासारखी सैल सोडली, की दोन चित्रांचं एक होतं आणि 160 वर्षांपूर्वीचा अजिंठ्याचा दर्शनी भाग, त्याच्यासमोरच्या दगडधोंड्यांसकट, खोलवर उघडतो. त्यात कुणी भेगा बुजवलेल्या नाहीत.